गोगलगाई जिवंत होत्या : सत्तरी तालुक्यातल्या एका तळ्यातली माशांची मर

पार्श्वभूमी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका वाडीत, कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) खालच्या अंगाला, दोन हजार चौरस मीटरचे तळे आहे. मालकांना इथे भाई म्हणू. गावातही त्यांना तसेच म्हणतात, पण गोव्यात भाई इतके आहेत की त्यावरून कोणी ओळखायचे नाही. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पुतण्याला हाताशी घेऊन रीतसर परवानगीने तिलापिया पाळायला सुरुवात केली. हे त्यांचे तिसरे पीक होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली. गोव्यात गोड्या पाण्याच्या माशाला घरगुती गिऱ्हाईक कमीच. समुद्राची मासळी मिळत असताना कोण विचारतो? त्यामुळे १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी अशा तळ्यांना सोन्याची. पण या वेळी बीज उशिरा मिळाले, बंदीत विकण्याजोगा मासा होणार नव्हता. म्हणून श्रावण जाऊ द्यायचा आणि चवथ (गणेश चतुर्थी) झाली की विकायचे, असा बेत ठरला.

पहिल्या दोन पिकांना कंपनीचे खाद्य होते. या वेळी भाईंनी हिशेब मांडला आणि किलोमागे बारा-तेरा रुपये वाचतात म्हणून घरी गोळ्या पाडायच्या ठरवल्या. पावसाळ्यात चोर्ला घाटाचा भरवसा नसतो, म्हणून मे महिन्याच्या अखेरीस घाटापलीकडून एकदम चाळीस पोती आणली. शेंगपेंड सोळा, तांदळाचा कोंडा बारा, मका सहा, मासळीची भुकटी सहा. पावती कच्ची. परतताना वळवाच्या सरीत टेम्पोची ताडपत्री एका कोपऱ्यात उडाली आणि चार-पाच पोती भिजली. ती उन्हात वाळवून बाकीच्यांबरोबर जुन्या गोठ्यात रचली. खाली सारवलेली जमीन, मागे मातीची भिंत.

वाळपईच्या बाजूचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला पुढचे सांगायला नको. जुलैत इथे कपाटातल्या चामड्याच्या चपलेवरही पांढरी बुरशी येते.

काय दिसले

जुलैच्या पहिल्या आठवड्यात खाद्याच्या ताटात गोळ्या उरू लागल्या. सततच्या ढगाळ हवेत मासा कमी खातो, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. महिन्याच्या मध्याला जाळे ओढून वजन केले तेव्हा सरासरी १८० ग्रॅम अपेक्षित होती, भरली १३० च्या आसपास. तिसऱ्या आठवड्यापासून रोज पाच-दहा मासे काठाला लागू लागले. अंग काळवंडलेले, कल्ले फिकट, काहींच्या डोळ्यांवर ढगाळ पडदा, परांच्या बुडाशी रक्ताचे ठिपके.

इथे भाईंची नजर वर, कुळागराकडे गेली. वरच्या शेजाऱ्याने त्याच आठवड्यात सुपारीवर बोर्डोची दुसरी फवारणी केली होती. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी सगळेच करतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातले तांबे माशाला घातक, हे भाईंना माहीत होते. पाऊस पडला, पाणी उतारावरून तळ्यात आले, मासे मेले. गोष्ट इतकी चपखल बसली की दोन घरांचे बोलणे बंद झाले.

ऑगस्टच्या सुरुवातीला भाईंनी मला फोन केला. मी मत्स्यशास्त्र शिकलेला, अशा दहा-बारा तळ्यांना सल्ला देणारा. व्हॉट्सॲपवर फोटो पाहिले आणि सांगितले, "भाई, आधी पाणी तपासा." वाक्य चुकीचे नव्हते. चूक पुढे होती. सामू (पीएच), अमोनिया, विरघळलेला प्राणवायू असे सगळे आकडे ठीक आले, तरी मी पाण्याभोवतीच घुटमळत राहिलो. पाण्याच्या तपासणीचा संच पुतण्याच्या खिशात होता. खाद्याचा संच कोणाच्याच खिशात नसतो. जे मोजता येते तिथेच माणूस दोष शोधतो.

पहिला निर्णय : औषध

तोवर मर रोज तीसवर गेली होती. दोन मासे तालुक्याच्या ठिकाणी दाखवले. परांवरचे रक्त आणि फुगलेले पोट पाहून जीवाणूंचा संसर्ग असल्याचे मत मिळाले आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक सुरू करायचे ठरले. मीही मान हलवली. संसर्ग होताच, तो कोणी नाकारत नाही. पण औषध द्यायचे कशातून? गोळ्यांना तेल लावून, त्यावर चोळून. म्हणजे त्याच गोळ्यांतून.

सात दिवसांत मर दहावर आली. भाई खूश, मीही निर्धास्त. मागे पडलेली वाढ भरून काढायला त्यांनी खाद्य वाढवले. चवथ तीन आठवड्यांवर आली होती.

दहा दिवसांनी आकडा चाळीस झाला, मग साठ, मग ऐंशी.

आता मागे वळून पाहिले की हे सरळ दिसते. औषधाने जीवाणू दबले, पण माशाची प्रतिकारशक्ती ज्याने खचवली होती ते रोज दोन वेळा ताटात पडतच होते. औषधाने आलेला उतार हाच सर्वांत महागात पडला, कारण त्याने निदान बरोबर असल्याचा भास निर्माण केला.

वळण

चवथीच्या दोन दिवस आधी मी प्रत्यक्ष गेलो. हे तीन आठवडे आधी करायला हवे होते. काठावर उकिडवा बसलो असताना आधी दिसल्या त्या पाणगोगलगाई, दगडाला चिकटलेल्या, चांगल्या गलेलठ्ठ. पाटाच्या पाण्याबरोबर शिरलेले बारके रानटी मासे काठच्या गवतात फिरत होते, चतुरांच्या अळ्या होत्या. तांब्याने सर्वांत आधी मरायच्या त्या गोगलगाई. पाण्यात विष असते तर ते तिलापियाला निवडून मारते का? या तळ्यात आजारी होता तो फक्त पोत्यातले खाणारा.

पाच ताजे मेलेले मासे चिरले. यकृत तांबूस-तपकिरी हवे, ते पिवळट, मध्ये रक्ताचे डाग, बोट लावले की लोण्यासारखे फुटणारे. पित्ताशय टम्म. एवढ्यावरून निदान होत नाही. पिठूळ खाद्यावरच्या माशांचे यकृतही फिकट आणि चरबीचे असते. पण डाग आणि ठिसूळपणा निराळे होते.

मग गोठा पाहिला. भिंतीकडच्या पोत्यांत हात घातला तर आतली पेंड कोमट लागली, ढेकळे झालेली. "बुरशीची दोन पोती आम्ही कधीच टाकली, काका एकदम कडक आहेत त्या बाबतीत," पुतण्या म्हणाला. खरे होते. दिसणारी बुरशी टाकली होती, न दिसणारे विष ठेवले होते.

बुरशी आणि तिचे विष, थोडे सविस्तर

शेंगपेंड, मका, सरकी, खोबरे यांवर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते. तिला पंचवीस ते पस्तीस अंशांची ऊब आणि तेरा-चौदा टक्क्यांवरचा ओलावा मानवतो, म्हणजे आपला पावसाळाच. शेंग शेतात असतानाही ती लागू शकते. बुरशी मेली, झाडून काढली, तरी विष दाण्यात राहते. ते उष्णतेला दाद देत नाही. उकळून जात नाही आणि गोळ्या पाडायच्या यंत्रातली ऊब तर त्याच्या गणतीतच नाही.

या विषाचा शोधच खाद्यातून लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगपेंडीपर्यंत. त्याच सुमारास अमेरिकेत पाळीव रेनबो ट्राउट माशांत यकृताच्या गाठींची साथ दिसली, तिथे सरकीची पेंड निघाली. ट्राउट या विषाला फार हळवा. आपल्याकडचे उदाहरण माणसांचे आहे. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागांत बुरशीचा मका खाऊन ३९७ जण आजारी पडल्याची नोंद झाली, त्यांतले १०६ दगावले.

यकृतच का? हे विष स्वतः तितके घातक नसते. यकृतातली विकरे (एन्झाइम) त्याचे रूप बदलतात आणि ते बदललेले रूप पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटते. म्हणजे विषाला धार लावायचे काम यकृतच करते. रक्त गोठवणारी प्रथिने यकृतात बनतात, म्हणून यकृत बिघडले की अंगावर रक्ताचे ठिपके येतात, जे आम्ही नुसत्या संसर्गाच्या खात्यावर टाकले होते. रोहूवर भारतातच झालेल्या प्रयोगांत अफ्लाटॉक्सिनने प्रतिकारशक्ती घटल्याचे दिसले आहे. संसर्ग होता तो असा, मागच्या दाराने आलेला.

कोणते पर्याय होते

त्या रात्री भाईंच्या पडवीत, माटोळीची (गणपतीवर टांगायच्या चौकटीची) फळे एका बाजूला सारून, आम्ही तिघे बसलो.

भाईंचा पहिला विचार होता की आहे तो मासा काढून विकून टाकावा. श्रावणात गिऱ्हाईक नव्हते, चवथीनंतर येईल. हा पर्याय मी साफ मोडीत काढला. औषध बंद होऊन, ते माशाच्या अंगातून निघून जायला पुरेसे दिवस झाले नव्हते. आणि दीडशे ग्रॅमचा काळवंडलेला मासा कोण घेणार, कोणत्या भावाने?

दुसरा पर्याय होता चांगल्या खाद्यात थोडे थोडे मिसळून उरलेले संपवण्याचा. काटकसरी घराला हा फार पटतो, कारण अन्न टाकवत नाही. युरोपात कायद्यानेच याला बंदी आहे. विष पातळ करण्यासाठी दूषित खाद्य चांगल्यात मिसळता येत नाही. आपल्याकडे निदान एवढे समजावे की आजारी यकृताला अर्धे विष हेही विषच.

भाजून, वाळवून पाहावे का? ऑगस्टच्या सत्तरीत ऊन कुठले, आणि वाळवण मे महिन्यात करून झालेच होते. पुतण्याने नेटवर बेंटोनाइट मातीविषयी वाचले होते. ही माती आतड्यात अफ्लाटॉक्सिनला धरून ठेवते, हे खरे. पण बाकीच्या बऱ्याच बुरशीविषांवर तिचा इलाज चालत नाही, आणि खवट तेलावर तर नाहीच. पोत्यांतला कोंडा नाकाला कडू लागत होता. गिरणीतून निघालेला कच्चा कोंडा स्वतःच्याच विकरांमुळे काही दिवसांत खवट होऊ लागतो, हा दोन महिन्यांचा होता.

उरला शेवटचा पर्याय. चार दिवस खाद्य पूर्ण बंद ठेवायचे, नंतर कंपनीचे खाद्य, तेही निम्मे. खर्च मोठा, आणि तोवर हातात पुरावा काहीच नाही.

"परवा चवथ आणि तू मला मासे उपाशी ठेवायला सांगतोस," भाई म्हणाले. पण त्यांनी मान्य केले.

पुतण्याने आणखी एक गोष्ट सुचवली, जी मला सुचायला हवी होती. घरात पाण्याच्या दोन टाक्या रिकाम्या होत्या. दोन्हींत तळ्याचेच पाणी, तीस-तीस मासे. एकीत कंपनीचे खाद्य, दुसरीत जुन्या गोळ्या. आठ दिवसांत पहिल्या टाकीत दोन मेले, दुसरीत नऊ. हा काही शास्त्रीय पुरावा नाही, कारण मासे आधीच बिघडलेले होते. पण पाणी एकच असताना फरक पडला, एवढे भाईंना दिसले. त्या दिवशी ते शेजाऱ्याकडे पातोळ्या घेऊन गेले.

नमुना आणि आकडा

नमुना घेण्यातही एकदा चुकलो. पुतण्याने एका पोत्याच्या तोंडाकडची मूठभर पेंड प्लास्टिकच्या पिशवीत बांधली होती. हे विष पोत्यात सारखे पसरलेले नसते, एका ढेकळात भरपूर आणि शेजारच्या मुठीत काहीच नाही, असे चालते. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून वाटेतच बुरशी वाढते ती वेगळीच. मग सगळ्या पोत्यांतून, वर-मध्ये-खाली अशा पंचवीस-तीस जागांहून पेंड काढली, ढीग कालवला आणि त्यातली दोन किलो कापडी पिशवीत पाठवली. तयार गोळ्या आणि मासळीची भुकटी वेगळी. चवथीच्या सुट्टीमुळे नमुना चार दिवस घरातच राहिला, आणि राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेतून निकाल यायला दोन आठवडे गेले.

शेंगपेंडीत किलोमागे २१० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन बी-१, तयार गोळ्यांत ९६. तुलनेसाठी, युरोपात खाद्याच्या कच्च्या मालाला २० ची मर्यादा आहे. मासळीच्या भुकटीतले तेलही बरेच खवट निघाले.

सापडला एकदाचा चोर, असे इथे म्हणता आले असते, पण आकडा तसे म्हणू देत नाही. तिलापिया हा ट्राउटसारखा हळवा नाही. आठ आठवड्यांच्या एका प्रयोगात त्याची वाढ आणि तांबड्या पेशी घटल्या त्या किलोमागे २.५ मिलिग्रॅमला, म्हणजे आमच्या गोळ्यांच्या पंचवीसपट मात्रेला. मग इथे ९६ मायक्रोग्रॅमवर हजारावर मासे कसे मेले? माझे मत असे आहे : प्रयोगशाळेतला मासा स्वच्छ पाण्यात, ताज्या खाद्यावर, एकाच विषाशी झगडत असतो. भाईंचा मासा बुरशीचे विष, खवट तेल, त्या खवटपणाने नासलेली जीवनसत्त्वे, ढगाळ दिवसांतला पहाटेचा कमी प्राणवायू आणि जीवाणू हे सगळे एकदम सोसत होता. खवट चरबी एकटीही कमी नाही. जपानमध्ये रेशमाच्या कोशांतल्या खवट किड्यांवर पाळलेल्या कार्प माशांचे पाठीचे स्नायू झडत. शिवाय आमचा नमुना ऑगस्टच्या अखेरचा. जुलैत मासा ज्या पोत्यांतले खात होता ती संपली होती, त्यांत काय होते ते आता कोणाला कळणार?

उरलेल्या पोत्यांचे काय

तेरा पोती उरली होती. तळ्यावरच्या कामगाराने शांतपणे सुचवले, "शेजाऱ्यांच्या म्हशींना द्या, त्यांना काही होत नाही." म्हशीला काही दिसत नाही हे खरे, पण हे विष रूप बदलून दुधात उतरते. आपल्याकडे दुधासाठी मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम, इतकी कडक आहे. कोंबड्यांचाही विचार निघाला; बदकांची पिल्ले तर या विषाला सर्वांत लवकर बळी पडतात. शेवटी विहिरीपासून लांब, उंचवट्यावर खड्डा खणून, चुना घालून सगळे पुरले. तोंडाला फडके बांधूनच पोती हलवली, कारण ही धूळ माणसालाही वाईट; अफ्लाटॉक्सिन हे माणसात कर्करोग करणारे म्हणून सिद्ध झालेले आहे.

साडेसहाशे किलो माल मातीत गेला. भाई त्या वेळी तिथे थांबले नाहीत.

निष्पत्ती

खाद्य थांबवल्यावर तिसऱ्या दिवसापासून मर उतरू लागली आणि बाराव्या दिवशी थांबली. सहा हजारांतले सुमारे चार हजार चारशे मासे उरले. पण यकृत सावरायला वेळ लागतो, आणि काही मासे खुरटले ते खुरटलेच. स्वच्छ खाद्यावर आठ आठवडे ठेवून, औषधाचा काळ कधीच उलटून गेल्यावर, दिवाळीनंतर विक्री केली. सरासरी वजन २४० ग्रॅम. आतडी-यकृत काढूनच मासा दिला, कारण विषाचा अंश राहिलाच तर तो मांसापेक्षा यकृतात जास्त सापडतो. कंपनीच्या खाद्याचा खर्च धरता पीक तोट्यात गेले. विक्रेत्याकडे दाद मागायला पक्के बिल नव्हते, आणि माल विकतानाच खराब होता की गोठ्यात झाला हे सांगायला मे महिन्यातला नमुनाही नव्हता.

पुन्हा तीच वेळ आली तर

मी क्रम उलटा लावीन. मर दिसताच पहिल्या दिवशी खाद्य बंद. दोन-तीन दिवसांच्या उपासाने तिलापिया मरत नाही, आणि पैसाही लागत नाही. दोन टाक्यांची तुलना त्याच दिवशी सुरू. औषध त्यानंतर, आणि द्यायचेच असेल तर ताज्या खाद्यातून. काठावरचे इतर जीव जिवंत आहेत का हे फोनवरही विचारता आले असते; मी फोटो मागवले ते सगळे मेलेल्या माशांचे.

साठवणीचे तर उघड आहे. तीन आठवड्यांपुरताच माल, जमिनीपासून आणि भिंतीपासून वीतभर दूर फळ्यांवर, कोंडा ताजाच. ओल मोजायचे यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत सुके मीठ आणि मका घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले तर दाणा साठवण्याजोगा नाही. भिजलेली पोती वेगळी ठेवायला हवी होती. ती बाकीच्यांत मिसळली गेली आणि पुढे कोणती ती, हे कोणालाच सांगता येईना.

एका मुद्द्यावर काका-पुतण्याचे अजून जमलेले नाही. पुतण्या म्हणतो, घरचे खाद्य बंदच. भाईंनी मात्र डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत पुन्हा गोळ्या पाडायला घेतल्या आहेत, पक्क्या बिलाची पेंड आणून. प्रत्येक पोत्यातली ओंजळभर पेंड ते काचेच्या बरणीत तारीख लिहून ठेवतात. मागच्या वेळी गेलो तेव्हा देवघराखालच्या फडताळात अशा एकोणीस बरण्या होत्या, आणि वहिनी लोणच्याला बरणी उरली नाही म्हणून कुरकुरत होत्या.